कावळ्याचा कावरा, पिट्टेची पिट्टा

कुरखेड्यात कावळ्याचा कावरा होतो आणि बगळ्याचा बगरा. झाडीबोलीत ‘ळ’ नाही. त्याच्या जागी ‘र’ येतो. ‘ण’ही नाही, तिथे ‘न’ येतो, आणि ‘श’चा ‘स’ होतो. काळा तो कारा, डोळा तो डोरा, शेण ते सेन. पश्चिमेला वऱ्हाडात उतरले की हाच ‘ळ’ ‘य’ होऊन भेटतो. तिथे डोळ्याचा डोया आणि काळ्याचा काया. पुण्या-मुंबईचा माणूस ‘कावरा’ ऐकून तो अशुद्ध उच्चार समजतो. पण जो फरक शेकडो शब्दांत एकाच नियमाने चालतो, त्याला चूक म्हणत नाहीत. जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड 1905 साली मराठीच्या बोलींसाठीच काढला. पुढे साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास, शब्दकोश आणि साहित्य संमेलने यांत आयुष्य घातले. तेव्हापासून ‘कावरा’ हा शब्द कागदावरही ताठ मानेने उभा आहे.

कुरखेडा हे गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेचे, सती नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली वेगळा झाला, त्याआधी हा सारा मुलूख चंद्रपूर म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यातच मोजला जाई. पश्चिमेला वडसा आणि वैनगंगेचा धानपट्टा, उत्तरेला गोंदिया जिल्ह्यातले तलाव, पूर्वेला कोरची आणि कोरचीच्या पलीकडे छत्तीसगड. त्यामुळे इथल्या बाजारात झाडीबोली, गोंडी आणि छत्तीसगढी एकाच पालाखाली ऐकू येतात, मध्येच हलबीही कानावर पडते. बाजाराला आलेल्या माणसाला पाखरू दाखवले तर नाव कोणते निघेल, हे तो कोणत्या गावाहून चालत आला यावर ठरते. मराठी माणूस पाखरू म्हणेल, छत्तीसगढी बोलणारा चिरई म्हणेल आणि गोंडी बोलणारा पिट्टे म्हणेल.

या ‘पिट्टे’जवळ थोडे थांबायला हवे, कारण कुरखेड्याच्या जंगलातला हा शब्द जगभर फिरून आला आहे.

उन्हाळा सरत आला, मृगाची चाहूल लागली की सागाच्या आणि बांबूच्या रानात एक पाहुणा उतरतो. साळुंकीएवढा देह, आखूड शेपूट, पाठ हिरवी, पोट फिक्या बदामी रंगाचे, शेपटीखाली लालभडक डाग, डोळ्यावरून काळी पट्टी आणि वर पांढरी भुवई. खांद्यावर निळा चमकतो. पाचोळ्यात टुणटुण उड्या मारत तो पाने उलटतो आणि खालचे किडे टिपतो. उजाडताना आणि मावळताना दोन सुरांची शीळ घालतो. मराठीत आणि हिंदीतही याला नवरंग म्हणतात. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. तिकडच्या तमिळ गावांत त्याला ‘आरुमणि कुरुवि’ म्हणजे सहा वाजताचे पाखरू हे नाव आहे. विदर्भाने त्याचे रंग मोजले, तमिळनाडूने त्याची वेळ पाहिली. पाखरू मात्र एकच.

शास्त्रज्ञांनी त्याला दिलेले नाव आहे पिट्टा ब्रॅकियुरा. ब्रॅकियुरा म्हणजे आखूड शेपटीचा. आणि पिट्टा? तो तेलुगू शब्द आहे, अर्थ साधाच: पाखरू. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमध्ये एडवर्ड बकली नावाच्या इंग्रजाने तिथल्या पाखरांची माहिती आणि चित्रे जमवून मायदेशी पाठवली. 1713 साली निघालेल्या जॉन रे यांच्या पक्षिग्रंथाला ती जोडली गेली आणि तेलुगू नावे लंडनला पोचली. शंभर वर्षांनी, 1816 मध्ये, लुई व्हिएयो या फ्रेंच पक्षितज्ज्ञाने ‘पिट्टा’ हे एका अख्ख्या पक्षिवंशाचे शास्त्रीय नाव करून टाकले. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत या वंशातल्या पाखरांना लोक आज पिट्टा म्हणतात. गोंडीतला ‘पिट्टे’ हा त्याच तेलुगू शब्दाचा सख्खा भाऊ, एकाच द्राविडी घरातला. कुरखेड्याची गोंड आजी नातवाला झाडावर बोट दाखवून ‘पिट्टे’ म्हणते, तेव्हा ती नकळत जगातल्या प्रत्येक पक्षिकोशातला एक शब्द उच्चारत असते.

मोराचेही असेच. गोंडीत मोर म्हणजे मल. तमिळमध्ये मयिल, तेलुगूत नेमलि. संस्कृतातला ‘मयूर’ ऋग्वेदात आहे, आणि टी. बरो यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी तो द्राविडी भाषांतून संस्कृतात आलेला शब्द मानला आहे. ते खरे धरले तर मराठीचा ‘मोर’ आणि गोंडीचा ‘मल’ हे फार जुन्या काळी दुरावलेले नातलग ठरतात. एक संस्कृत-प्राकृताच्या वाटेने आला, दुसरा जंगलातच राहिला. कोंबडीला गोंडीत कोर म्हणतात, तेलुगूत कोडि, तमिळमध्ये कोळि. या साखळीत मराठीची ‘कोंबडी’ बसत नाही. शेजार हजार वर्षांचा असला तरी काही शब्द उंबरठा ओलांडत नाहीत.

छत्तीसगडाकडून आलेली नावे पुन्हा वेगळी. पोपटाला तिकडे सुआ म्हणतात. हा संस्कृतातला शुक, प्राकृतात ‘सुअ’ होऊन आलेला. दिवाळीच्या दिवसांत बायका टोपलीत धान भरून त्यावर मातीचा सुआ ठेवतात, टोपलीभोवती फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात. हाच सुआ नाच. पारव्याला तिकडे परेवा म्हणतात. मूळ ‘पारावत’ एकच, मराठीने त्याचा पारवा केला आणि छत्तीसगढीने परेवा.

आता गावाकडे वळू. मराठी मुलखात पाखरांच्या नावांची एक अशी रांग आहे की ती वाचताना गावगाड्याची हजेरी वाचल्यासारखे वाटते. पाने शिवून घरटे करणारा शिंपी. वडा-पिंपळावर बसून तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा ‘टुक टुक’ करणारा तांबट. खोड कोरणारा सुतार. पाण्याकाठी शेपूट आपटत हिंडणारा परीट, त्यालाच कुठे धोबी म्हणतात. मासे मारणारा खंड्या, त्याचेच दुसरे नाव धीवर. आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा काळाकुट्ट, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल. हा कोतवाल आपल्या घरट्याजवळ फिरकलेल्या कावळ्यावर आणि घारीवरही तुटून पडतो. म्हणून हळद्या, होला यांसारखी गरीब पाखरे त्याच्याच झाडावर घरटी करतात. दवंडीचे दिवस गेले तरी महसूल खात्यातला कोतवाल महाराष्ट्रात अगदी अलीकडेपर्यंत होता. गावाने आपली व्यवस्था झाडावर पाहिली आणि तीच नावे दिली.

या रांगेत एक खाटीक आहे. चिमणीहून थोडा मोठा, डोळ्यावर काळा पट्टा, चोच बाकदार. बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यावर तो नाकतोडा, सरडा, कधी उंदराचे पिल्लू टोचून ठेवतो आणि सवडीने फाडून खातो. शेताच्या कडेने जाताना काट्याला लटकलेला कोरडा नाकतोडा दिसला की समजावे, जवळपास खाटीक आहे. लिनियसने 1758 मध्ये या पाखरांना ‘लॅनियस’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये लॅनियस म्हणजे खाटीकच. इंग्रज शेतकरीही त्याला खाटीकपक्षी म्हणत आले. मराठी शेतकऱ्याने लॅटिन वाचले नव्हते आणि लिनियसने मराठी ऐकली नव्हती. दोघांनी काट्यावरचा नाकतोडा पाहिला, तेवढे पुरले.

सगळीकडे असे जुळत नाही, आणि न जुळण्यातच खरी गंमत आहे. मृगाच्या तोंडावर पावशा ओरडू लागतो. झाडीपट्टीत तेव्हा धानाचे पऱ्हे टाकायची घाई असते. पऱ्हे म्हणजे रोपे; ती जरा वाढली की रोवणी. त्या दिवसांत मराठी कानाला त्याच्या ओरडण्यात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू येते. तोच आवाज हिंदी मुलखात विरहिणीचा होतो, ‘पी कहाँ’, आणि पाखराचे नाव पपीहा. बंगालमध्ये तो ‘चोख गेलो’ म्हणतो, डोळा गेला म्हणून आक्रोश करणारा. इंग्रज साहेबाला मे महिन्याच्या उकाड्यात रात्रभर चढत जाणारा तो सूर ऐकून डोके फुटायची वेळ आली, त्याने नाव ठेवले मेंदूज्वराचा पक्षी. आवाज एकच, ऐकणाऱ्याचे काम आणि चिंता वेगळी. यातले ‘पेरते व्हा’ सर्वांत कामाचे, असे ज्याने कोरडवाहू शेत केले आहे तो सांगेल.

धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर एक मातकट बगळा बसतो. मान खांद्यात ओढून, डोळे पाण्याकडे लावून. इतका चिखलाच्या रंगाचा की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पाऊल पडणार तोच उडतो, आणि उडताना एकदम पांढराशुभ्र होतो. मिटलेले पंख उघडले की आतला सगळा पांढरा बाहेर. मराठीत त्याला ढोकरी म्हणतात, ग्रंथांत वंचक, म्हणजे फसवणारा. हिंदीत तोच अंधा बगला, कारण माणूस इतका जवळ आला तरी हलत नाही, म्हणजे याला दिसत नसावे. एका भाषेने त्याला लबाड ठरवले, दुसरीने आंधळा. दोन्ही नावे माणसे त्याच्या किती जवळ गेली होती हे सांगतात.

दसऱ्याला विदर्भात नीलकंठाचे दर्शन घ्यायची रीत आहे. सकाळी शेताकडे जायचे, तारेवर किंवा वाळक्या फांदीवर तो दिसला की वर्ष चांगले. खरे पाहता त्याचा कंठ निळा नसतो; गळा आणि छाती तांबूस-जांभळट, त्यावर फिकट रेघा. निळे असतात ते पंख, आणि तेही उडताना नीट दिसतात. शंकराचे नाव लावल्यामुळे कंठ निळा झाला. त्याचे जुने मराठी नाव चास, संस्कृतातल्या ‘चाष’वरून आलेले, नीलपंख असेही म्हणतात, आणि डोळ्यांना पटते ते हेच. छत्तीसगढीत तो टेहर्रा. सिरोंच्याच्या खाली गोदावरी ओलांडली की तेलंगणात तोच पालपिट्टा होतो, त्या राज्याचा राज्यपक्षी. पाल म्हणजे दूध आणि पिट्टा तर आता ओळखीचा. त्याची पिसे चिरून गवतातून गायीला चारली की दूध वाढते अशी तिकडची जुनी समजूत होती, म्हणून हे दुधाचे पाखरू. समजूत खोटी, पण नाव तिच्यामुळेच टिकले. दर्शनासाठी नीलकंठ पिंजऱ्यात पकडून दारोदार फिरवण्याची चाल काही ठिकाणी होती. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि ते योग्यच झाले.

नावे जागा बदलतात, कधी पाखरूही बदलतात. भारद्वाज घ्या. काळे अंग, विटकरी पंख, लाल डोळा, कुंपणाखालून चालणारा आणि खोल घुमणारा ‘हूप हूप’ करणारा. त्याचे दर्शन शुभ मानतात. पण मोनियर-विल्यम्सच्या 1899च्या संस्कृत कोशात ‘भरद्वाज’ म्हणजे चंडोल, आकाशात चढत गाणारे चिमुकले पाखरू. ऋषीचे नाव एका पाखरावरून दुसऱ्यावर कधीतरी सरकले. देशावर खेड्यात त्याला कुंभारकावळा म्हणतात. पंखांचा रंग भाजलेल्या मडक्याचा म्हणून असावे. कुठे तो सोनकावळा, कोकणात कुकुडकोंबा. धनेशाची कोकणातली नावे तर याहून मोठा फेरा घेतात: तिथे मोठ्या धनेशाला गरुड म्हणणारे लोक आहेत, आणि तिथले ‘ककणेर’ हे नाव विदर्भात कोणी ओळखायचेच नाही. ककणेर म्हणजे कवड्या रंगाचा धनेश, आणि तो पक्षी मात्र गडचिरोलीच्या जंगलातही आहे.

उलटही घडते, एकाच नावाची दोन पाखरे. ‘रानकोंबडा’ म्हटल्यावर सह्याद्रीतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर राखी रानकोंबडा येतो, ठिपक्यांच्या मानेचा. पूर्व विदर्भाच्या जंगलात, साल वृक्षाच्या मुलखाच्या कडेला, तांबडा रानकोंबडा आहे. गावातल्या कोंबड्याचा पूर्वज तो हाच. जेम्स फोर्सिथ यांनी मध्य भारताच्या डोंगरांवरच्या 1871च्या पुस्तकात सालाच्या वनाबरोबर हा तांबडा कोंबडा येतो अशी नोंद केली. शाळेच्या पुस्तकात नुसते ‘रानकोंबडा’ लिहिले तर महाराष्ट्राच्या दोन टोकांची मुले दोन वेगळे पक्षी वाचतील.

या नावांची लेखी नोंद आधी परक्यांनी केली, हे मान्य करायला हवे. कर्नल साइक्स यांनी 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली; आपल्या घारीच्या शास्त्रीय नावाला चिकटलेला ‘गोविंदा’ हा शब्द त्यांचाच. जालन्याच्या छावणीत काही वर्षे काढलेले डॉक्टर जेर्डन यांनी 1862 ते 1864 या काळात भारतीय पक्ष्यांवर मोठा ग्रंथ काढला आणि हिंदी, तेलुगू, तमिळ, मराठी नावे दिली. पण साहेबाला नाव सांगणारा शिकारी किंवा पारधी त्या पानांवर दिसत नाही. नाव आले, सांगणारा हरवला.

ही उणीव भरून काढणारा माणूस सोलापूरच्या एका तेलुगू घरात 1932 साली जन्मला. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते, पण गोंड, माडिया, कोरकू, धीवर अशा लोकांकडून शब्द टिपणे हे त्यांचे खरे काम. कुरखेड्याच्या उत्तरेला, नवेगावबांधच्या तलावाकाठी त्यांची माधवराव पाटील डोंगरवार यांच्याशी गाठ पडली. माधवराव शाळेत शिकलेले पक्षितज्ज्ञ नव्हते, पण त्यांना तलावावर उतरणारे पाखरू आवाजावरून ओळखता येई. चितमपल्लींनी त्यांच्याकडून ऐकले आणि लिहिताना त्यांचे नाव घेतले. पाखरांच्या वस्त्यांसाठीचे सारंगागार, काकागार हे शब्द मराठीत रुळले ते चितमपल्लींमुळे. रात्री वाटेवर बसणाऱ्या, दिव्याच्या उजेडात ज्याचे डोळे निखाऱ्यासारखे दिसतात त्या ‘रातवा’ पाखराचे नाव त्यांनी एका पुस्तकालाच दिले. या रातव्याच्या कुळाला लॅटिनमध्ये शेळ्यांचे दूध काढणारा म्हणतात, युरोपातल्या एका जुन्या खोट्या समजुतीवरून. मराठी नावात तसला आळ नाही. 2002 साली त्यांचा ‘पक्षिकोश’ निघाला. 2006 मध्ये ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

आज पक्षीमित्रांनी प्रमाण मराठी नावांच्या याद्या केल्या आहेत, मोबाइलवरही मराठी नावे दिसतात. त्यांची गरज आहे. चंद्रपूरची नोंद सिंधुदुर्गात कळायची तर एक सामाईक नाव लागतेच. मात्र यादीतली काही नावे सरळ इंग्रजीवरून उचललेली आहेत. ‘स्वर्गीय नर्तक’ ऐकायला सुंदर, पण ते इंग्रजी नावातल्या स्वर्गावरून आले. मध्य प्रदेशाने त्याच पाखराला दूधराज हे लोकांच्या तोंडचे नाव ठेवून राज्यपक्षी केले. कुरखेड्याचे मूल शाळेत ‘कावळा’ शिकते, घरी ‘कावरा’ म्हणते, आजीकडून ‘पिट्टे’ ऐकते. तिन्ही त्याची आहेत. भीती एवढीच की यादी पाठ झाल्यावर घरचे नाव चुकीचे वाटू लागेल आणि ते मूल ते म्हणायचे सोडून देईल.

झाडीपट्टीतल्या शाळांनी हे काम हाती घ्यावे. एक वही करावी. पाखराचे प्रमाण नाव डावीकडे लिहावे. उजवीकडे घरी म्हणतात ते नाव, कोणत्या भाषेतले, कोणत्या गावचे, कोणत्या महिन्यात ऐकले आणि कोणी सांगितले ते. नावामागे काही गोष्ट असेल तर तीही. सांगणाऱ्याचे नाव मात्र त्याला विचारून, आणि न विसरता लिहावे. येत्या मृगात पावशा ओरडायला लागेल, तेव्हा पहिले पान भरता येईल.